स्थलांतरितांचे उत्पन्न मोजायचे कसे?

अमेरिकेतील भारतीय हे त्या देशातील सर्वाधिक कमावणाऱ्या समाजांपैकी एक आहेत, असे नेहमी सांगितले जाते. त्याच देशातील स्थलांतरित कुटुंबे अमेरिकेत जन्मलेल्यांच्या कुटुंबांपेक्षा गरीब आहेत, असेही तितक्याच ठामपणे बोलले जाते. या दोन्ही विधानांना सरकारी आकडेवारीचा आधार देता येतो. स्थलांतरितांना देशात किती जागा द्यायची, हा अमेरिकेच्या राजकारणातील कळीचा प्रश्न आहे आणि त्या वादात हेच आकडे दोन्ही बाजूंनी फेकले जातात. म्हणूनच हे आकडे कसे तयार होतात, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

स्थलांतरित कोणाला म्हणायचे?

अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोची व्याख्या साधी आहे. जन्माच्या वेळी जी व्यक्ती अमेरिकेची नागरिक नव्हती, ती 'परदेशात जन्मलेली'. पुढे तिने नागरिकत्व घेतले, तरी ती याच गटात राहते. ग्रीन कार्डधारक, एच-१बी व्हिसावर आलेला संगणक अभियंता, विद्यार्थी, निर्वासित आणि कागदपत्रांशिवाय राहणारा शेतमजूर हे सारे या एकाच गटात मोडतात. याउलट, अमेरिकी आईवडिलांच्या पोटी परदेशात जन्मलेले मूल किंवा प्वेर्तो रिकोमध्ये जन्मलेली व्यक्ती ही जन्माने अमेरिकी मानली जाते. स्थलांतरितांची अमेरिकेत जन्मलेली मुलेही या दुसऱ्या गटात जातात.

थोडक्यात, शिकागोतील डॉक्टर आणि कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यातला मजूर यांच्या उत्पन्नातून मिळून एक आकडा निघतो. तो या दोघांपैकी कोणाचेही चित्र उभे करीत नाही.

कुटुंब कोणाच्या नावावर?

उत्पन्नाची माहिती प्रामुख्याने दोन पाहण्यांतून मिळते. एक, दरमहा होणारी लोकसंख्या पाहणी. तिच्या वार्षिक पुरवणीत मागील वर्षाचे उत्पन्न विचारले जाते. दुसरी, २००५ पासून पूर्ण स्वरूपात सुरू झालेली 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' ही बरीच मोठी पाहणी. तिच्यात जन्मस्थान, नागरिकत्व आणि अमेरिकेत आल्याचे वर्षही नोंदविले जाते.

जन्मस्थान मात्र व्यक्तीचे असते, कुटुंबाचे नव्हे. त्यामुळे ज्याच्या नावावर घर आहे किंवा ज्याने ते भाड्याने घेतले आहे, त्याच्या जन्मस्थानावरून अख्ख्या कुटुंबाचा गट ठरतो. नवरा पुण्यात जन्मलेला, बायको न्यू जर्सीत जन्मलेली आणि घर दोघांच्या नावावर असेल, तर अर्जात पहिले नाव कोणाचे लिहिले गेले यावर ते कुटुंब कोणत्या रकान्यात जाणार हे अवलंबून असते. अशा मिश्र कुटुंबांची संख्या जिथे मोठी असते, तिथे या एका नियमाने निष्कर्ष सरकू शकतो.

तुलनेसाठी सहसा सरासरी न घेता मध्यक घेतात. सर्व कुटुंबे उत्पन्नाच्या क्रमाने उभी केली, तर बरोबर मधल्या कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे मध्यक. काही मोजक्या अतिश्रीमंतांमुळे सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही.

आकडे तेच, उत्तरे तीन

२०१० च्या पाहणीनुसार स्थलांतरित कुटुंबांचे मध्यक उत्पन्न ४६ हजार २२४ डॉलर होते, तर अमेरिकेत जन्मलेल्यांच्या कुटुंबांचे ५० हजार ५४१ डॉलर. म्हणजे फरक साधारण साडेआठ टक्क्यांचा. पण त्याच पाहणीत स्थलांतरित कुटुंबात सरासरी ३.४ माणसे होती आणि दुसऱ्या गटात २.५. उत्पन्नाला माणसांच्या संख्येने भागले, तर एका बाजूला माणशी सुमारे १३ हजार ६०० आणि दुसऱ्या बाजूला सुमारे २० हजार २०० डॉलर येतात. फरक एकदम ३३ टक्क्यांवर जातो.

परंतु माणशी भागाकार हाही न्याय्य नाही. चार माणसांना चार स्वयंपाकघरे किंवा चार फ्रिज लागत नाहीत. हा एकत्र राहण्याचा फायदा लक्षात घेऊन 'आर्थिक सहकार्य व विकास संघटना' स्थलांतरितांवरील आपल्या अहवालांत उत्पन्नाला सदस्यसंख्येच्या वर्गमुळाने भागते. या पद्धतीत चार जणांच्या कुटुंबाला एकट्या माणसाच्या चौपट नव्हे, दुप्पट उत्पन्न लागते असे धरले जाते. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था पहिल्या प्रौढाला १, नंतरच्या प्रत्येक प्रौढाला ०.५ आणि १४ वर्षांखालील मुलाला ०.३ असा भार देते. वर्गमुळाची रीत वरील आकड्यांना लावल्यास फरक सुमारे २२ टक्के येतो.

मध्यकाला सरासरी सदस्यसंख्येने असे भागणे ढोबळच आहे. प्रत्यक्ष अभ्यासात प्रत्येक कुटुंबासाठी स्वतंत्र गणित करावे लागते. तरीही मुद्दा स्पष्ट होतो. साडेआठ, बावीस आणि तेहतीस हे तिन्ही आकडे एकाच पाहणीतून निघतात. कोणता निवडायचा, हे विचारलेल्या प्रश्नावर ठरते.

२०२१ मध्ये दोन्ही गटांचे मध्यक उत्पन्न जवळपास सारखे, ७० हजार डॉलरच्या आसपास होते. परंतु स्थलांतरित कुटुंबे आजही आकाराने मोठी आहेत. त्यामुळे उत्पन्न सारखे दिसले, तरी राहणीमान सारखे झाले असे म्हणता येत नाही.

केव्हा आले, कुठे राहिले

नुकताच आलेला माणूस आणि वीस वर्षे राहिलेला माणूस यांच्या कमाईत फरक असणारच. अर्थतज्ज्ञ बॅरी चिझविक यांनी १९७८ मध्ये १९७० च्या जनगणनेवरून असे मांडले की, स्थलांतरित पुरुषांची कमाई सुरुवातीस कमी असली, तरी दहा-पंधरा वर्षांत ती स्थानिकांच्या पुढे जाते. १९८५ मध्ये जॉर्ज बोर्हास यांनी त्यातील उणीव दाखविली. एकाच वर्षाच्या जनगणनेत जुने आणि नवे स्थलांतरित ही वेगवेगळी माणसे असतात. जुन्यांची कमाई जास्त दिसते, ती काही अंशी त्या काळी आलेले लोकच अधिक कुशल असल्यामुळेही असू शकते. पुढे २००७ मध्ये डॅरेन लुबोत्स्की यांनी सामाजिक सुरक्षा खात्याच्या नोंदींवरून आणखी एक गोष्ट पुढे आणली. कमी कमावणारे काही जण मायदेशी परततात आणि मागे उरलेल्यांची प्रगती प्रत्यक्षापेक्षा वेगवान भासते.

ठिकाणाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. २०१० मध्ये निम्म्याहून अधिक स्थलांतरित कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सास आणि फ्लोरिडा या चारच राज्यांत होते. सॅन फ्रान्सिस्को किंवा न्यूयॉर्क शहरात घरभाडे भरल्यानंतर उरणारा डॉलर मिसिसिपीतील डॉलरइतका पुरत नाही. शिवाय पाहणीत मोजले जाते ते करापूर्वीचे रोख उत्पन्न. मायदेशी आईवडिलांना पाठविलेली रक्कम त्यातून वजा होत नाही.

भारतीयांचा आकडा

२०२१ मध्ये भारतात जन्मलेल्यांच्या कुटुंबांचे मध्यक उत्पन्न सुमारे दीड लाख डॉलर होते, म्हणजे एकूण स्थलांतरितांच्या दुपटीहून अधिक. हे यश खरे आहे, परंतु तुलना कोणाशी होते हे पाहायला हवे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे कुशल आशियाई मनुष्यबळाला उघडली. पुढे एच-१बी व्हिसाने संगणक क्षेत्रातील तरुणांना नेले. परिणामी प्रौढ भारतीय स्थलांतरितांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पदवीधर आहेत. अमेरिकेत जन्मलेल्यांत हे प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे. निवडून आलेल्या गटाची तुलना संपूर्ण लोकसंख्येशी केली, तर ती गाळणीने आधीच गाळलेल्यांची तुलना ठरते. घरात कमावणारे किती, यानेही हा आकडा बदलतो. एच-४ व्हिसावर गेलेल्या पतिपत्नींपैकी काहींना नोकरीची परवानगी २०१५ मध्ये मिळाली. त्याआधी अशा अनेक मराठी घरांतही उच्चशिक्षित गृहिणी घरी बसून होत्या आणि कुटुंबाचे उत्पन्न एका पगारापुरतेच मोजले जात होते.

दीड लाखाचा मध्यक म्हणजे निम्मी कुटुंबे त्याखाली आहेत, हेही विसरता येत नाही. पेट्रोल पंपावर, मोटेलमध्ये वा किराणा दुकानात राबणारा भारतीय त्या आकड्यात असतो, पण दिसत नाही. त्याला मदतीची गरज असेल, तर 'भारतीय तर श्रीमंत' हा समज त्याच्या आड येऊ शकतो.

तेव्हा स्थलांतरितांच्या उत्पन्नाचा कोणताही आकडा समोर आला, की चार प्रश्न विचारावेत. त्यात कोणाला धरले आहे? उत्पन्न किती माणसांत वाटले जाते? ही माणसे केव्हा आली? आणि त्यांची तुलना कोणाशी केली आहे? उत्तरे नसतील, तर तो आकडा अपुरा आहे, मग तो कोणत्याही बाजूने मांडलेला असो.