घाटाचा राजा

मावळ तालुक्यात राजे होण्याच्या दोन वाटा अजून चालू आहेत. पहिलीला सायकल लागते, दुसरीला बैल. किताबाचं नाव मात्र दोन्हीकडे एकच, 'घाटाचा राजा'. सायकलवाल्यांचा घाट म्हणजे आपला बोरघाट, खोपोलीहून खंडाळा-लोणावळ्याला चढणारा. बैलगाड्यांचा घाट म्हणजे शर्यतीसाठी तयार केलेली चढाची धावपट्टी. एकाने दुसऱ्याचं नाव उचललं असेल असं मला वाटत नाही. दोघांना एकाच गोष्टीची गरज पडली, एवढंच.

आधी सायकलचं. मुंबई-पुणे सायकल शर्यत जुनी. मध्ये खंड पडले, पण पुण्यातल्या एका पिढीला ती तोंडपाठ होती. पनवेलपर्यंत रस्ता तसा सपाट, खोपोलीपर्यंत निभावतं, आणि मग पाचशे मीटरच्या वर चढ. अख्खी शर्यत जिंकणारा असतोच, पण घाटात जो सगळ्यांत पुढे असेल त्याला वेगळा मान. हा मान मिळवणारा पुण्यापर्यंत पहिला राहीलच असं नाही. लोणावळ्यानंतर रस्ता उताराचा आणि सपाट, तिथे वेगळ्या मांड्या लागतात.

हीच गोष्ट फ्रान्समध्ये झाली होती. 'टूर द फ्रान्स' शर्यतीत १९३३ साली डोंगर चढणाऱ्यांसाठी स्वतंत्र बक्षीस सुरू झालं. पहिला मानकरी व्हिसेंते त्रुएबा नावाचा चिमुकला स्पॅनिश गडी. हा पठ्ठ्या डोंगरमाथ्यावर सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि उतारावर सगळी कमाई घालवून बसायचा. एकंदरीत सहावा आला. ते बक्षीस नसतं तर आज त्याचं नाव कोणी घेतलं असतं? पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची ती प्रसिद्ध जर्सी नंतर, १९७५ मध्ये आली. ठिपके का, तर प्रायोजक चॉकलेट कंपनी होती. (आपल्याकडे चिक्कीवाल्यांनी हे मनावर घ्यायला हरकत नाही.)

म्हणजे हा किताब 'सगळ्यात चांगला कोण' हे सांगतच नाही. 'या तुकड्यावर कोण' एवढंच सांगतो. आणि माझ्या मते लोकांना नेमकं तेच हवं असतं. ऑफिसात दर तिमाहीला काचेचा एक ठोकळा देतात, त्यावर 'उत्कृष्ट कामगिरी' असं काहीतरी मोघम कोरलेलं असतं. कशातली कामगिरी? कोणालाच आठवत नाही. तो ठोकळा आईच्या शोकेसमध्ये जातो, आणि आई पाहुण्यांना सांगते "काँप्युटरचं बक्षीस". याउलट घाटाचा राजा म्हटलं की कुठला घाट हे बोट करून दाखवता येतं.

आता बैलगाडे. इथली गंमत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. एकेक गाडा आपली बारी घेतो, पुढे घोडीवर स्वार, आणि घड्याळ सेकंद मोजतं. ठरलेल्या सेकंदांत जे जे गाडे वर पोचतील ते सगळे 'पहिल्या नंबरात'. होय, सगळे! पहिला नंबर इथे अनेकवचनी आहे आणि बक्षिसाची रक्कम त्यांच्यात वाटली जाते. गावजत्रेच्या मांडणीला हे शोभूनच दिसतं, कोणी अगदी रिकाम्या हाताने परत जात नाही. पण माणसाला ते पुरत नाही ना! म्हणून सेकंदाच्या शतांश भागावरून सगळ्यांत वेगवान गाडा शोधायचा आणि त्याला म्हणायचं घाटाचा राजा. पैसे वाटून घेता येतात, नाव घेता येत नाही.

(बैलाला यातलं काय कळतं, हा प्रश्न रास्त आहे, आणि तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. केंद्राने जुलै २०११ मध्ये बैलाला प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यती बंद झाल्या, राज्याने २०१७ साली कायदा दुरुस्त केला पण तो कोर्टात अडकला, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने कायदा वैध ठरवला. मारहाण, चाबूक नको हे म्हणणं मला पूर्ण पटतं. बंदीच हवी होती का, यावर आमच्या घरात एकमत नाही.)

बंदीच्या काळात बैल सांभाळायला पैसे लागतच होते, मिळकत शून्य. तरी अनेकांनी बैल ठेवले. बक्षिसासाठी हे करत असतील तर हिशेब कुठेच बसत नाही. बंदी उठल्यावर मात्र बक्षिसं फुगली. मे २०२२ मध्ये चिखलीच्या शर्यतीत पहिलं बक्षीस चक्क जेसीबी होतं! मला हे आवडलं नाही. जेसीबी भाड्याने देता येतो, विकता येतो, त्याचा हप्ता काढता येतो. कुस्तीतली चांदीची गदा घ्या. 'महाराष्ट्र केसरी'ची गदा मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाते. ती कोणी विकत नाही, आणि तिने कुस्तीही खेळत नाही. निरुपयोगी आहे म्हणूनच ती भिंतीवर टिकते.

बोरघाटातल्या सगळ्यांत जुन्या बक्षिसाची गोष्ट तर वेगळीच. गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, रेल्वे १८६३ साली घाट चढली. त्याची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली असं इथे सांगतात. साहेबाने विचारलं, काय बक्षीस हवं? तो म्हणाला, माझा देश मोकळा करा. त्याला गोळी घातली. ही दंतकथा आहे, कागद मागू नका. पण जुन्या हमरस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि ड्रायव्हर लोक चालत्या गाडीतून तिथे नाणी टाकतात. (रेल्वेवरून आठवलं, कर्जतहून लोणावळ्यापर्यंत गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. मागून ढकलणाऱ्याला राजा म्हणायची पद्धत मात्र कुठेच नाही. प्रोजेक्टमध्येही नाही. :-))

२००९ साली स्ट्राव्हा आलं आणि आमच्यासारख्या शनिवार-रविवारच्या सायकलवाल्यांची सोय झाली. कुठलाही रस्त्याचा तुकडा आखा, त्यावरच्या सगळ्यात वेगवान माणसाच्या नावापुढे मुकुट. हिंजवडीतला उड्डाणपूलसुद्धा घाट होऊ शकतो. काही महाभाग मोटारसायकलवर बसून मुकुट मिळवतात, मग बाकीचे तक्रार करून तो काढायला लावतात. या मुकुटाला एक रुपयाही मिळत नाही, तरी ही भांडणं होतात.

रविवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला खंडाळ्यात घाट संपतो तिथे चहाच्या टपरीजवळ उभे राहून बघा. घामाने निथळणारी माणसं येतात, सायकल भिंतीला टेकवतात. चहावाला कटिंग पुढे करतो. तो हातात तसाच राहतो, कारण दुसऱ्या हातात फोन असतो आणि त्यावर ते गोल चक्र अजून फिरतंय.