मोटारींतील रेडिओ आणि बाहेरचा सूर



मुरूडहून दक्षिणेस येणारा रस्ता आगरदांड्याच्या धक्क्यापाशीं संपतो. पुढें राजपुरीची खाडी आणि पलीकडे दिघी. खाडीला वळसा घालून म्हसळ्यामार्गें जावें तर वाट फार लांब पडते. म्हणून श्रीवर्धनकडे जाणाऱ्या मोटारी येथें फेरीबोटीची वाट पाहत ओळीनें उभ्या राहतात. यंत्रें बंद, काचा खालीं, आणि प्रत्येक गाडींतून निराळा सूर. एकींत अभंग, दुसरींत चित्रपटगीत, तिसरींत कोणाचें तरी व्याख्यान. यांतील बहुतेक ध्वनी कोणत्याहि केंद्रावरून येत नाहींत. ते प्रवाशाच्या खिशांतील फोनमधून आलेले असतात. हा बाहेरचा सूर मोटारीच्या रेडिओंत कोणत्या दारानें शिरला, आणि तें दार उघडण्यास इतकीं वर्षें कां लागलीं, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

रेडिओ-संचांत दोन कामें चालतात. असंख्य लहरींतून एक निवडून तिजवरील ध्वनीचा अंश वेगळा काढणें हें पहिलें; तो क्षीण विद्युत्प्रवाह वाढवून कर्ण्यास देणें हें दुसरें. पहिलें काम करणारा भाग केंद्रावाचून पांगळा आहे. दुसऱ्यास मात्र प्रवाह कोठून आला याची पर्वा नसते. दिल्लीहून येवो कीं शेजारच्या पेटींतून, तो सारखाच वाढविला जातो. या दोन भागांच्या सांध्यावर एक वाट मोकळी ठेवली, कीं रेडिओ केवळ केंद्राचा राहत नाहीं, ऐकणाराचाहि होतो.

घरगुती संच बनविणारांनीं हें लौकर ओळखलें होतें. १९२५ पासून ग्रामोफोनच्या तबकड्या विद्युत्-पद्धतीनें मुद्रित होऊं लागल्या. सुईच्या कंपनांचें विजेंत रूपांतर करणारा पिकपहि आला, आणि १९३० नंतरच्या पुष्कळ व्हॉल्व्ह-संचांच्या पाठीमागें पिकपच्या तारा जोडण्यासाठीं दोन भोंकें दिसूं लागलीं. आज ज्याला ‘ऑक्स’, म्हणजे साहाय्यक प्रवेश, म्हणतात त्याचा हा मूळ पुरुष. त्यांत बसणाऱ्या पिनेचें घराणें तर याहूनहि जुनें. टेलिफोन-केंद्रांतील तारा जोडण्यासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादांत पाव इंच जाडीची पिन प्रचारांत आली. ट्रान्झिस्टर-संचांबरोबर आलेली साडेतीन मिलिमीटरची पिन ही तिचीच धाकटी बहीण.

मोटारीच्या नशिबीं मात्र हें दार लौकर नव्हतें. १९३० सालीं अमेरिकेंत पॉल गॅल्व्हिन यांनीं मोटारीसाठीं ‘मोटोरोला’ नांवाचा संच विक्रीस आणला. त्या काळीं गाडींत रेडिओ नुसता वाजविणें हेंच एक संकट होतें. बॅटरी सहा व्होल्टांची. व्हॉल्व्हना हवा शेंदोनशें व्होल्टांचा दाब. त्यासाठीं पुढें कंपन पावणाऱ्या तुकड्यानें प्रवाह क्षणोक्षणीं तोडून तो ट्रान्सफॉर्मरमधून चढवूं लागले. यंत्रांतील ठिणग्यांची खरखर थोपवावी लागे ती वेगळीच. १९५५ सालीं केवळ ट्रान्झिस्टरांवर चालणारा मोटार-संच निघाला आणि हीं संकटें बरींच टळलीं. तोंवर दुसरा सूर आणण्याचा विचार कोणी करावा?

आपल्याकडे आणखी एक अडसर होता. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. १९३३ च्या बिनतारी कायद्यानें संच बाळगण्यास परवाना आवश्यक झाला, आणि मोटारींतील संचहि त्यांतून सुटला नाहीं. केंद्रें सरकारी, म्हणून निवडहि सरकारी. १९५२ सालीं नभोवाणीचें मंत्रिपद डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आलें. शास्त्रीय संगीतास त्यांनीं मोठा आधार दिला, हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु चित्रपटगीतांस त्यांनीं जवळजवळ दार बंद केलें. तेव्हां श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविधभारती सुरू झाली ती या अनुभवानंतर. श्रोत्यास निवड हवी असते, आणि ती नाकारली तर तो दुसरी वाट शोधतो, हा या प्रकरणाचा धडा.

मोटारींत ती वाट काढण्याचा एक धीट प्रयत्न १९५६ सालीं क्रायस्लर कंपनीनें केला. तिनें गाडींत चक्क तबकडीयंत्र बसविलें. रस्त्याच्या हादऱ्यांपुढें सुईचें फारसें चाललें नाहीं, आणि तें यंत्र थोड्याच वर्षांत मागें पडलें. खरा बदल केला तो फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं आणलेल्या कॅसेटनें. ती हादऱ्यांस बधत नव्हती. मुंबईच्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांतून तिनेंच नाट्यगीतें व भजनें घाटापलीकडे नेलीं. पुढें खिशांतील यंत्रें आलीं, तेव्हां कॅसेटच्याच आकाराचा एक तोतया निघाला: फीत नाहीं, फक्त एक चुंबकीय टोक, तें गाडींतील टोकाशीं भिडे आणि बाहेरचा सूर आंत पोंचवी. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं मोटार-संचाच्या दर्शनी भागावरच ऑक्सची खांच आली.

ज्यांच्या जुन्या संचास ती नव्हती, त्यांनीं काय केलें? लॅमिंग्टन रोडवरील कारागीर संच उघडून तोच सांधा शोधीत. पाठीमागें सीडी-पेटीसाठीं ठेवलेली खांच असली तर काम सोपें. तींत एक जोडणी बसवून संचास असें भासवावयाचें, कीं सीडी-पेटी जोडलेली आहे. नसेल तर रेडिओकडून आवाजाच्या बटणाकडे जाणारी वाट एका स्विचानें तोडून तेथें बाहेरचा प्रवाह घ्यावयाचा. तारा तीन: डावी, उजवी आणि दोघींची सामाईक जमीन. मध्यें एक कपॅसिटर ठेवावयाचा, म्हणजे संचांतील स्थिर दाब बाहेरच्या यंत्रांत शिरत नाहीं. कर्ण्याकडे जाणारा मोठा प्रवाह येथें चुकूनहि आणूं नये. तो संचास जाळतो. आणि फोन गाडीच्याच बॅटरीवर चढविला असतां यंत्राच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकूं आली, तर समजावें कीं जमिनीच्या दोन वाटा होऊन त्यांचा फेर पडला आहे. एक लहान विलगक ट्रान्सफॉर्मर मध्यें घातला कीं ती शीळ थांबते.

आज बिनतारी जोडणीमुळें ती खांचहि नव्या गाड्यांतून नाहींशी होत आहे. तिच्याबरोबर दुसरेंहि कांहीं जात आहे. एकेकाळीं धक्क्यावरच्या साऱ्या गाड्यांतून एकच बातमीपत्र ऐकूं येई. आतां प्रत्येक काचेआड निराळें जग आहे. निवड मिळाली, सहश्रवण गेलें. तरी मला तें दार उघडल्याची खंत वाटत नाहीं. कारण त्यानें केंद्राची वाट बुजविली नाहीं. स्विच फिरवितांच मुंबईची मध्यमलहर खाऱ्या पाण्यावरून, जिला तें पाणी जमिनीपेक्षां अधिक मानवतें, आजहि येथवर येते.

याच खाडीच्या मुखाशीं १६८२ सालीं संभाजीमहाराजांनीं जंजिऱ्यापर्यंत समुद्र बुजविण्याचा उद्योग आरंभिला होता. तो सिद्धीस गेला नाहीं. आज दोन्ही तीरांस धक्के आहेत, आणि मोटारी पाण्यावरून पार होतात. रेडिओच्या त्या लहानशा खांचेचें काम याहून निराळें नव्हतें. जुना संच मोडींत काढावा लागला नाहीं, नवा सूर परत पाठवावा लागला नाहीं. दोहोंकडे बरोबर मापाचा धक्का मात्र बांधावा लागला.