गॅरँड रायफल : वापर व निगा

अमेरिकी सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारलेली अर्धस्वयंचलित रायफल. स्प्रिंगफील्ड शस्त्रनिर्माणशाळेतील जॉन गॅरँड यांनी तिची रचना केली. आठ काडतुसांची धातूची क्लिप वरून आत दाबतात. शेवटची गोळी सुटताच रिकामी क्लिप आपोआप बाहेर उडते.

जुन्या रायफलीतून गोळी झाडण्यापूर्वी जाणकार शस्त्रकारागिराकडून नळी आणि काडतूसकक्षातील अंतर मापकाने तपासून घ्यावे. काडतुसाची निवड त्याहून महत्त्वाची. नळीच्या टोकाजवळच्या छिद्रातून आलेला वायू दट्ट्यामार्फत लांब चालकदांडा मागे ढकलतो. सावकाश जळणाऱ्या दारूची किंवा जड गोळीची आधुनिक शिकारी काडतुसे येथे जादा दाब देतात व दांडा वाकतो. अशा दांड्याची दुरुस्ती सोपी नसते, म्हणून मूळ लष्करी दाबाचीच काडतुसे वापरावीत. आघातपिन मोकळी असल्याने एकटे काडतूस थेट कक्षात ठेवून बोल्ट आपटू देऊ नये. चाप न ओढताही बार उडू शकतो. क्लिप भरताना किंवा सफाई करताना बोल्ट झटक्यात मिटून अंगठा चिरडतो. सैनिकांत ही दुखापत परिचित होती.

दुसऱ्या महायुद्धकाळातील बहुतेक अमेरिकी काडतुसांच्या प्रायमरमधून क्षार उरतो. तो हवेतील ओलावा शोषून नळी गंजवतो आणि नुसत्या तेलाने जात नाही. त्यामुळे नळी आधी पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच तेल लावावे. बोल्टच्या व दांड्याच्या घासणाऱ्या भागांना ग्रीस हवे. वायुनलिका मात्र कोरडी ठेवावी. सफाईची सळई नळीच्या तोंडातूनच घालावी लागते. तेथील कडा झिजली की नेम बिघडतो, तेव्हा संरक्षक टोपण लावावे.