हे पद कोणाचे?

ऑपेरातली एरिया आणि आपल्या संगीत नाटकातले पद यांचे काम एकच. कथा थांबते आणि पात्र उघडे पडते. उजनीकाठी, कंदर-केत्तूरच्या मुलाला हे शिकवायला मोत्सार्टपासून सुरुवात करायचे कारण नाही. तुकोबांची पालखी पलीकडे इंदापुरावरून जाते. भारुडात पुरुषाने डोक्यावर पदर घेतला की तो सासुरवाशीण झाला, हे त्याला कुणी समजावलेले नसते. गाणारा वेगळा आणि गाणे ज्याचे तो वेगळा, हे त्याला सोंगानेच शिकवलेले आहे.

पुढचा प्रश्न अवघड: पात्राचे इथे बोलून का भागले नाही? उत्तर शब्दांपेक्षा चालीत सापडते. देवलांची शारदा (१८९९) म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी पोर. तिच्या चाली साध्या, घरगुती वळणाच्या. त्यांत ताना भरल्या की शारदा जाते, गवई उरतो. मोत्सार्टच्या ‘फिगारोचे लग्न’मध्ये (१७८६) वयात येणारा केरुबिनो पहिल्या एरियात तोकड्या ओळींनी धापा टाकतो. ही भूमिका मात्र बाई गाते! बालगंधर्वांच्या महाराष्ट्राने त्यात दचकू नये.

‘एकच प्याला’तली (१९१९) सिंधू दळण दळून जगते. पदे गुर्जरांची, गळा बालगंधर्वांचा. पण पिचलेल्या बाईला ‘वन्समोअर’ मिळतो तेव्हा ती सिंधू राहते का? माझ्या मते तेवढ्यापुरती नाही, आणि हे मुलांपासून लपवू नये.

‘कट्यार काळजात घुसली’त (१९६७) अभिषेकींनी पात्रांतला फरक गायकीवरच उभा केला. खाँसाहेबांची तान चाल करून येते, पंडितजींचा सूर ठाव घेत राहतो. २०१५च्या चित्रपटातले दोघांचे गाणे पडदा झाकून ऐकवावे आणि विचारावे, यातला मानी कोण? मग विचारावे, कशावरून?

शेवटी पात्र मुलांनीच घडवावे. उजनी धरण १९८०चे. पाणी फार आटले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. त्याच्यासमोर गाव सोडून आलेली आजी उभी करायची. आधी तिचे बोलणे लिहायचे, तिच्याच बोलीत. मग कोणत्या शब्दापासून सूर लागेल, तिथे पेन्सिलीची खूण करायची. चाल जात्यावरच्या ओवीची चालेल. मुले खूण देवळाच्या नावावर करतील. मला विचाराल तर आजीचा सूर गोठ्याशी लागेल.