ऐकून घेणारा मेंढपाळ

अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभू त्या दोन शिष्यांना गाठतो, तेव्हा आरंभी तो काहीच शिकवीत नाही. तुमचे कशाविषयी बोलणे चालले आहे, एवढेच विचारतो; आणि यरुशलेमात काय घडले हे त्याच्याइतके ठाऊक असणारा दुसरा कोणी नसतानाही ती सारी कहाणी त्यांच्या तोंडून शेवटपर्यंत ऐकून घेतो. शास्त्राचा उलगडा नंतरचा. आम्ही धर्मगुरू दरवर्षी पास्काकाळात हा उतारा वाचतो आणि प्रवचन मात्र बहुधा त्या उलगड्यावरच करतो.

या ऐकण्याला एका देशातील ख्रिस्तसभेने आपले सेवाकार्य मानले, त्याची हकिकत येथे सांगावयाची आहे.

ग्वाटेमाला हा मध्य अमेरिकेतील देश आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे तेथे लष्कर आणि बंडखोर यांच्यात अंतर्गत युद्ध चालले. त्याची सर्वाधिक झळ लागली ती डोंगराळ भागातील माया वंशाच्या गरीब शेतकऱ्यांना. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी तर गावेच्या गावे जाळली गेली. याच भागातील किचे धर्मप्रांताची धुरा १९७४ साली बिशप हुआन हेरार्दी यांच्याकडे आली. जो गावकऱ्यांना अक्षरे शिकवील, सहकारी संस्था काढील, बायबलवर्ग चालवील तो बंडखोरांचा हस्तक, असा सत्ताधाऱ्यांचा सरळ हिशोब होता. आणि धर्मशिक्षक नेमके हेच करीत होते. १९८०च्या जून-जुलैत तेथील दोन मिशनरी धर्मगुरू मारले गेले. खुद्द बिशपांसाठीही मारेकरी दबा धरून बसले होते. त्यातून ते वाचले. अखेर त्यांनी सर्व धर्मगुरूंना व धर्मभगिनींना धर्मप्रांताबाहेर काढण्याचा निर्णय घेतला. पुढे ते रोमला गेले असता परतताना त्यांना देशात पाऊलच ठेवू देण्यात आले नाही, आणि कोस्टारिकात आश्रय घ्यावा लागला.

हा निर्णय योग्य होता की नाही, याचा निवाडा सुरक्षित धर्मग्रामात बसून आम्ही करणे बरे नव्हे. एवढे मात्र खरे, की मेंढपाळ गेले आणि मेंढरे मागे राहिली. प्रापंचिक धर्मशिक्षकांनी प्रार्थना चालू ठेवल्या. मक्याच्या भाकऱ्यांत लपवून पवित्र कम्युनियन गावोगाव नेले. त्यांतील कित्येक त्यापायी प्राणास मुकले. २०२१ साली किचेच्या ज्या दहा हुतात्म्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, त्यांत धर्मगुरू तीनच होते. बाकीचे सातही जण प्रापंचिक, आणि त्यांतला एक तर बारा वर्षांचा मुलगा.

निर्वासनातून परतल्यावर हेरार्दी राजधानीच्या महाधर्मप्रांताचे साहाय्यक बिशप झाले. युद्ध संपत आले, तेव्हा १९९५च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने महाधर्मप्रांताच्या मानवी हक्क कार्यालयाने ऐतिहासिक स्मृतींच्या संकलनाचा उपक्रम हाती घेतला. शेकडो कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले गेले. त्यांतील बरेचसे त्याच खेड्यांतील धर्मशिक्षक होते. ही योजकता आम्हांला फार मोलाची वाटते. शहरी साहेबासमोर जी बाई तोंड उघडणार नाही, ती आपल्या भाषेत बोलणाऱ्या, आपल्याच देवळात शेजारी बसणाऱ्या माणसापाशी बोलेल. पाच हजारांहून अधिक साक्षी ध्वनिफितींवर घेण्यात आल्या. त्यांतील निम्म्याहून जास्त माया भाषांतून होत्या. काय घडले, कोणी केले, एवढ्यावर विचारणा थांबत नसे. त्या घटनेने तुमच्या जीवनाचे काय झाले, तुम्ही ते कसे सोसले आणि हे का घडले असे तुम्हांला वाटते, हेही विचारले जाई. दहा-पंधरा वर्षे ज्यांनी आपल्या मृतांचे नाव उच्चारले नव्हते, अशी माणसे प्रथमच बोलू लागली.

येथे एक गोष्ट कबूल करावीशी वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी समुद्रात मुलगा गमावलेली एक माता आमच्याकडे आली होती. तिने दोन वाक्ये उच्चारली नाहीत तोच आम्ही ‘देवाची इच्छा’ म्हणून सांत्वन करून मोकळे झालो. ती ‘होय फादर’ म्हणाली आणि उठली. त्या रात्री मुलाने जाऊ नये असे तिला वाटत होते, आणि तिनेच त्याला पाठविले होते, हे आम्हांला वर्षभराने दुसऱ्याच कोणाकडून कळले. सेमिनरीत आम्हांला उत्तरे द्यावयास उत्तम शिकविले होते.

२४ एप्रिल १९९८ रोजी राजधानीच्या कॅथेड्रलमध्ये हेरार्दी यांनी चार खंडांचा अहवाल लोकांसमोर ठेवला. त्यात ५५,०२१ बळींची आणि ४२२ सामूहिक हत्याकांडांची नोंद होती, आणि बहुतांश अत्याचारांची जबाबदारी लष्कर व त्याच्या हस्तकांवर येत होती. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या आयोगाने मृत व बेपत्ता झालेल्यांची एकूण संख्या दोन लाखांवर असल्याचा अंदाज दिला आणि दोषाचे माप त्याच पारड्यात टाकले.

कॅथेड्रलमधील त्या समारंभानंतर दोनच दिवसांनी, रविवारी रात्री, सान सेबास्तियान येथील धर्मग्रामगृहाच्या गॅरेजमध्ये काँक्रीटच्या तुकड्याने बिशपांचे डोके ठेचण्यात आले. ते पंचाहत्तर वर्षांचे होते. २००१च्या जूनमध्ये या खुनाबद्दल तिघा लष्करी माणसांना शिक्षा झाली. आणि लिहिताना लेखणी अडखळते, पण लपविणेही बरे नव्हे, त्यांच्याबरोबर एका धर्मगुरूलाही दोषी ठरविण्यात आले. ज्यांनी आयुष्यभर ऐकून घेतले, त्यांच्या हत्येचे पूर्ण सत्य अजून कोणी बोललेले नाही, अशी तेथील अनेकांची भावना आहे.

ज्या कॅथेड्रलमध्ये तो अहवाल वाचला गेला, त्याच्यापुढील दगडी खांबांवर आज युद्धातील बळींची नावे कोरलेली आहेत. साक्ष देणाऱ्यांनी सांगितली, म्हणूनच ती तेथे आहेत. मिस्साला येणारी माणसे त्या नावांसमोरून देवळात जातात.