सदाशिव पेठेतले रुमाल

वाईत हाती लागलेल्या जुन्या पत्रांतून वि. का. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पुढे खंड 22 झाले. त्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. वाड्यांच्या माळ्यांवर दप्तरे वाळवी खात होती आणि मालकांना त्यांची किंमत ठाऊक नव्हती. एकट्याने हे आवरणारे नाही, हे उघड होते. सरदार खंडेराव मेहेंदळ्यांच्या साथीने त्यांनी 7 जुलै 1910 रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले.

मंडळाच्या सदाशिव पेठेतल्या वास्तूत नाणी, चित्रे, पोथ्या, ताम्रपट आहेत. पण तिचा खरा जीव मोडी कागदांत. कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला इथे रुमाल म्हणतात. रुमाल सोडला की आधी कालनिर्णय. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे असते: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन 1161. त्यात 599 मिळवले की 1760 येते. पण हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते, म्हणून जानेवारी 1761 चे पानिपतही त्याच सनात पडते. ही बेरीज चुकली तर घटनांचा क्रमच उलटा होतो. ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी अशा वाचनात हयात घालवली. फारसी कागदांसाठी ते फारसी शिकले.

एका कागदाने काय घडते, ते शिवजन्मतिथीत दिसले. आधी शके 1549 च्या वैशाखातली तिथी रूढ होती. कारीच्या जेध्यांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 होती. म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी निघाली. वाद बरीच वर्षे चालला, पण राज्य शासनानेही अखेर हीच तारीख स्वीकारली. जेध्यांच्या घरातली ती नोंद रद्दीत गेली असती तर?

धोका फक्त रद्दीचा नसतो. 5 जानेवारी 2004 रोजी जमावाने पुण्यातल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला करून कपाटे फोडली, पोथ्या-कागद विस्कटले. जुन्या पोथ्या जपणाऱ्या घरावर शिवरायांच्या नावाने घाला पडावा, हे अक्षम्य होते.

मंडळ आजही उभे आहे. तिथले कितीतरी मोडी कागद अजून वाचले जायचे आहेत आणि वाचणारे थोडे आहेत. मोडी काही महिन्यांच्या सरावाने येते. ती शिका, आणि घरी जुना रुमाल असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी जाणकाराला दाखवा.