कमरेच्या टेपची गोष्ट: स्किझोफ्रेनिया, गोळ्या आणि पोटावरची चरबी

केळव्याची एक आई मुलाला घेऊन दवाखान्यात येते. मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, झोप लागते, तो वाडीत कामालाही जातो. पण दोन वर्षांत पँटचं माप दोनदा बदललं. आईचा प्रश्न एकच असतो: "डॉक्टर, गोळ्यांनीच सुटलाय ना हा? मग बंद करू का?"

हा प्रश्न अनेक घरांतून येतो. त्याचं उत्तर समजायला थोडं मागे जावं लागेल.

गोळ्यांच्या आधी

१८७९ साली हेन्री मॉड्स्ली या इंग्रज मनोविकारतज्ज्ञांनी नोंदवलं की ज्या घराण्यांत मानसिक आजार असतो, तिथे मधुमेहही बऱ्याचदा दिसतो. तेव्हा आजच्यातली एकही गोळी नव्हती. म्हणजे सगळा दोष गोळ्यांचा नाही. आनुवंशिकता, कमी हालचाल, अवेळी खाणं, विडी-तंबाखू यांचाही त्यात वाटा आहे.

गोळ्या आल्या

१९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात ज्याँ दले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं आणि चित्र बदललं. जे रुग्ण ठाण्याच्या किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिले असते, त्यांतले अनेक घरी राहू लागले. वजन वाढतं हेही त्याच दशकात लक्षात आलं होतं.

पुढे क्लोझापिन आणि ओलान्झापिन आली. हातापायांचा ताठरपणा आणि कंप कमी झाला, पण भूक वाढली. मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या काही ग्राहकांना ही औषधं अडवतात, त्यामुळे 'पोट भरलं' हा निरोप नीट पोहोचत नाही. रुग्ण अधाशी झालेला नसतो. कृपया त्याला ताटावरून बोलू नका.

२००४ साल

या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'मुळे स्किझोफ्रेनिया मराठी घरांत बोलला जाऊ लागला. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी मिळून सांगितलं की ही औषधं सुरू करताना आणि नंतरही वजन, कंबर, रक्तदाब, साखर, चरबी तपासा.

तिसरी गोष्ट आपल्या पुण्याची. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक, आतून चरबीदार. त्यात ही गोळी आली की पोटावर भार लवकर पडतो. म्हणून नुसता वजनकाटा पुरत नाही, शिंप्याची टेप हवी. पुरुषाची कंबर ९० सेंमी आणि स्त्रीची ८० सेंमीच्या वर गेली, तर तपासणी हवीच.

मग आईला काय सांगतो?

गोळी स्वतःहून बंद करू नका. आजार उलटला तर वर्षांची कमाई जाते. पण गप्पही बसू नका. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि त्यामागे हृदयविकार हे एक मोठं कारण आहे.

• पहिले तीन महिने दर महिन्याला वजन करा, नंतर तीन महिन्यांनी.
• साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी तपासा.
• मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. औषध बदलता येतं, कधी मेटफॉर्मिनही जोडतात.
• थंड पेयं आणि फरसाण घरात आणूच नका.
• संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर अर्धा तास चाला. एकट्याला पाठवू नका, सोबत जा.

मानसोपचारतज्ज्ञ मन बघतात, आम्ही फिजिशियन साखर बघतो, आणि मधल्या मध्ये कंबर मोजायची राहून जाते. मीही पूर्वी ती मोजत नसे. आता टेप माझ्या टेबलावरच असते. पुढच्या वेळी याल, तेव्हा मी विसरलो तर तुम्ही आठवण करा.